उघड्या हाताच्या बाई

प्रॅक्टिकलच्या तासाला बाई आधी आमचे हात बघायच्या. हात स्वच्छ आहेत का, नखं कापलीत का, हे बघायला नव्हे. तळव्यावर ओरखडा आहे का, पेरांना चीक लागून काळं झालंय का, हे बघायला. जिचा हात कोरा असेल तिच्या नावापुढे त्या गैरहजर मांडायच्या. मुलगी समोर उभी राहून सांगायची की मी आलेय ना. बाई शांतपणे म्हणायच्या, "तू आलीस. तुझे हात नाही आले."

आमच्या नागपूरच्या त्या कॉलेजात बाकीच्या सगळ्या मॅडम होत्या. केमिस्ट्रीच्या मॅडम, इंग्रजीच्या मॅडम. वनस्पतिशास्त्राच्या तेवढ्या बाई. असं कोणी ठरवलं नव्हतं, पण झाडाच्या शेंड्यावर बसलेल्या माणसाला मॅडम म्हणायला तोंड वळत नाही.

सत्तर सालानंतरची ही गोष्ट. बाई तेव्हा चाळिशीच्या आसपास असतील. उंच, काटक, सावळ्या. अंगावर फिकट रंगाची सुती साडी आणि केसांत कायम काहीतरी अडकलेलं. कधी वाळकं पान, कधी शिरीषाचा तुरा. एकदा तर जिवंत नाकतोडा होता. बाई तासभर पानांच्या कडांचे प्रकार शिकवत होत्या आणि सगळा वर्ग नाकतोडा कुठे निघाला ते बघत होता.

झाड दिसलं की बाईंना राहवायचं नाही. दोन हिसक्यांत साडीचा काष्टा, चपला बुंध्याशी नीट जोडून ठेवलेल्या, मग दोन्ही तळवे खोडावर टेकवून त्या क्षणभर थांबायच्या. मला आधी वाटायचं, नमस्कार करतात. विचारलं तर म्हणाल्या की नाही गं, कुठून जाऊ ते विचारते. आणि मग सरसर वर. वर्गात त्या अगदी पुस्तकातलं मराठी बोलत. पण पहिल्या फांदीवर पाय पडला की भाषा बदलायची. वरून हाक यायची, "खालून काय पाहून राहिल्या वं साऱ्याजणी? या ना वरते."

आणि आम्ही जायचो. आज सांगताना माझं मलाच नवल वाटतं. कॉलेजात यायला घरून परवानगी मिळवताना नाकी नऊ आलेल्या मुली आम्ही, कोणाला सायकलसुद्धा येत नव्हती, आणि बाईंच्या मागोमाग चिंचेवर चढायचो. पहिल्यांदा मी चढले ती नजर खोडाला लावूनच. मग एकदम पानांच्या वर डोकं निघालं आणि समोर सगळं नागपूर. कौलं, देवळांचे कळस, लांबवर अंबाझरीचं पाणी चमकतंय. बाईंनी शेजारच्या फांदीवरून विचारलं की काय दिसतं. मी नुसती हसत होते, मोठमोठ्यानं, वेड्यासारखी. बाईपण हसायला लागल्या. त्यांनी माझी त्या दिवशीची हजेरी वरूनच ओरडून मांडायला लावली.

एकदा सिव्हिल लाइन्समध्ये एका बंगल्याच्या आवारात त्यांना वरच्या फांदीवर एक बांडगूळ दिसलं. फाटक उघडंच होतं. बाई आत गेल्या, हाक मारली, कोणी ओ दिली नाही, मग चढल्या. थोड्या वेळानं बंगल्याचे मालक बनियनवर बाहेर आले. निवृत्त न्यायाधीश, मोठा माणूस. वर बघतात तर आंब्याच्या दुबेळक्यात एक बाई. ते काही बोलायच्या आत बाई वरून म्हणाल्या की जरा एक जुना पेपर देता का, हे गुंडाळायला हवं. आणि ते गृहस्थ आत जाऊन पेपर घेऊन आले. मला वाटतं त्यांना नाही म्हणायला सुचलंच नाही. बाईंना तसं कोणालाच सुचत नसे.

फक्त एका बाबतीत बाई हट्टी होत्या, आणि तो हट्ट साधासुधा नव्हता. झाडावर हातमोजे चालायचे नाहीत. कोणाचेही, कसलेही.

आमच्या आधीच्या वर्षी एका मुलीच्या हातात बाभळीचा काटा मोडला होता आणि प्रकरण प्राचार्यांपर्यंत गेलं होतं. प्राचार्य भले गृहस्थ होते. त्यांनी लगेच जाड चामड्याचे हातमोजे मागवले आणि सूचना काढली की यापुढे कोणीही मोजे घातल्याशिवाय झाडाला हात लावू नये. बाईंनी ते सगळे जोड घेतले, बोटांना भोकं पाडली, माती भरून बी पेरलं आणि ते प्रयोगशाळेच्या खिडकीला टांगले. महिनाभरात एकेका बोटातून एकेक रोप बाहेर आलं. प्राचार्य बघायला आले तेव्हा बाईंनी त्यांना सांगितलं की मोजे अतिशय उपयोगी पडले, आभारी आहे. म्हणे जाताना ते एक बोट मागून घेऊन गेले.

मोजे का नकोत याचं कारण बाई एकच सांगायच्या. मध्ये कापड आलं की झाड अर्धंच कळतं. हे त्या सिद्ध करून दाखवायच्या. सेमिनरी हिल्सला नेऊन आमच्या डोळ्यांवर रुमाल बांधायच्या आणि एकेका खोडावर आमचा हात टेकवायच्या. अर्जुन भर उन्हातही गार आणि गुळगुळीत. ऐनाचं खोड मगरीच्या पाठीसारखं, चौकोन चौकोन. नऊ झाडांपैकी मी सात ओळखली. डोळ्यांवर रुमाल असताना मी हातानं पाहत होते. सातवं झाड सांगितलं तेव्हा बाईंनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी आठव्याला जाऊन आपटले.

पण माझे हात फक्त माझे नव्हते, हे मी बाईंना सांगितलं नव्हतं.

आम्ही विणकर. कोष्टीपुऱ्यात आमचं दोन खोल्यांचं घर आणि त्यातली एक खोली मागाची. बाबा गेल्यावर आईच मागावर बसायची. सुती साडी आणि रेशमी काठ. कांड्यांवर सूत भरायचं आणि तुटलेला धागा सांधायचं काम माझं होतं. कॉलेजला जायच्या आधी दोन तास, आल्यावर दोन तास. त्या वर्षी तर घरचीच साडी मागावर होती. माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न वैशाखात ठरलं होतं आणि तिची लग्नाची साडी आई स्वतः विणत होती. काठासाठी तिनं एवढं बारीक रेशीम आणलं होतं की उजेडात धरलं तरच दिसावं.

चिंचेवर चढून आल्याच्या आठवड्यातच ते रेशीम माझ्या तळव्याला अडकलं. मी हात ओढला, धागा ताणला गेला आणि काठावर बारीकशी गाठ आली. आईनं माग थांबवला. माझा हात ओढून दारातल्या उजेडात नेला, उलटा केला, सुलटा केला, अंगठ्यानं तळवा चाचपला.

"हात हाय का किसनी हाय वं?" ती म्हणाली.

मग मला सगळं सांगावं लागलं. बाई, चिंच, शेंड्यावरून दिसणारं अंबाझरी. मला वाटलं, आता कॉलेज बंद. आईनं ऐकून घेतलं. मी तिला सांगताना परत हसत होते बहुतेक, कारण ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं बाबांचं जुनं धोतर काढलं आणि दोन दिवस दुपारची बसून माझ्यासाठी हातमोजे शिवले. दुहेरी कापडाचे, पाचही बोटं वेगळी, शिवण इतकी बारीक की कुठे टोचू नये. माझ्या हातात ते देताना म्हणाली, "झाडावर चढ नाही तं नको चढू. पण हात घरचे हायेत."

दुसऱ्या दिवशी मी ते घालून अर्जुनाखाली उभी राहिले. बाईंनी बघितलं. मला वाटलं होतं त्या चिडतील. त्यांनी एक मोजा हातातून काढून घेतला, आतून बाहेरून पाहिला, शिवणीवरून बोट फिरवलं आणि कोणी शिवला ते विचारलं. मी आई म्हटलं. रेशमाचंही सांगितलं. बाईंनी मोज्याची पाचही बोटं सरळ केली. मग मोजा परत देत म्हणाल्या की काम फार सुरेख आहे, आईला सांग. पण हे घालून माझ्यासोबत झाडावर नाही. तू खाली उभी राहा आणि लेबलं लिही.

ते पाच महिने मी कसे काढले ते मला ठाऊक. सगळ्या मुली वर आणि मी खाली, हातात पेन्सिल. वरून बाई नावं सांगायच्या, मी लिहायची. आई मात्र खूश होती. माझे तळवे परत मऊ झाले होते. एकदा सहज विचारल्यासारखं तिनं विचारलं, "कोनाची हाय वं तुमची ते बाई?" आमच्या गल्लीत या प्रश्नाचा एकच अर्थ होतो. मला उत्तर माहीत होतं. छप्पन साली बाईंनी आपल्या आईवडिलांसोबत दीक्षा घेतली होती. त्यांनीच एकदा बोलताना सांगितलं होतं. मी आईला म्हटलं की मला काय माहीत. आईला माझं उत्तर कळलं. ती उठून मागावर जाऊन बसली.

एप्रिलमध्ये परीक्षेची सुट्टी लागली. वसतिगृहातल्या मुली आपापल्या गावी गेल्या. आणि एका शनिवारी संध्याकाळी बाई आमच्या दारात उभ्या. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. जन्मभर झाडांवर चढणाऱ्या बाई टपाल कचेरीच्या दोन पायऱ्यांवरून पडल्या होत्या. मला हसू आवरेना आणि त्यांनाही.

आई बाहेर आली. दारातच उभी राहिली, या म्हणाली नाही. बाईंनीही आत यायला पाऊल उचललं नाही. ओट्याच्या खालीच उभं राहून त्यांनी आईला सांगितलं की तुमच्या मुलीला एक दिवस मागायला आले आहे.

गोष्ट अशी होती. हुडकेश्वरच्या पुढे, उमरेड रस्त्यापासून आत, एक टेकडी होती. हुडकेश्वर तेव्हा गावच होतं, पुढे सगळं माळरान. त्या टेकडीवर कुलूचं एक जुनं झाड होतं. कुलू म्हणजे पांढरंशुभ्र, गुळगुळीत खोडाचं झाड. उन्हाळ्यात पानं झडली की माळावर भूत उभं असल्यासारखं दिसतं. त्याचा डिंक काढायला लोक खोडावर इतके घाव घालतात की झाडं मरतात. त्या भागात बाईंना हे एकच उरलेलं सापडलं होतं. टेकडीवर गिट्टीची खदान सुरू झाली होती, खोदत खोदत झाडापर्यंत आली होती आणि सोमवारपासून त्या बाजूला सुरुंग लागणार होते. पंधरा दिवसांपूर्वी बाई बघून आल्या तेव्हा फळं हिरवी होती. आता पिकली असतील. उद्या रविवार. उद्या बी मिळालं तर मिळालं.

आईनं सगळं ऐकलं. मग आत गेली आणि कोनाड्यातले माझे हातमोजे घेऊन आली.

"हे घालून चढंल तं नेजा," ती म्हणाली. "घरात लगन हाय. हिच्या हाताले काही झालं तं काठ कोन पुरा करंल?"

बाईंनी त्या मोज्यांकडे पाहिलं. माझ्या माहितीत बाई या एका बाबतीत कोणालाच हो म्हणाल्या नव्हत्या.

"घालेल," बाई म्हणाल्या. "माझा शब्द आहे."

रात्रभर मला झोप आली नाही, आनंदानं. पाच महिन्यांनी झाड.

सकाळच्या एस.टी.नं आम्ही निघालो. फाट्यावर उतरून तासभर चाललो. ऊन नऊलाच भाजायला लागलं होतं. बाईंच्या डाव्या हातात काळी छत्री, माझ्या खांद्याला पिशवी. टेकडीचा अर्धा भाग कापून नेलेला होता, लाल निशाणं रोवलेली होती, आणि अगदी काठावर ते झाड. एकही पान नाही. नुसत्या पांढऱ्या फांद्या आणि त्यांच्या टोकांना लालभडक फळांचे झुबके, जणू कोणीतरी चांदण्या बांधून ठेवल्यात. मी थांबलेच. बाई म्हणाल्या की बघून घे, उद्या हे नाही दिसणार.

मग त्यांनी मला नीट समजावलं. याचं शास्त्रीय नाव स्टर्क्युलिया यूरेन्स. यूरेन्स म्हणजे जाळणारं. ते जे लाल मखमल दिसतंय ना फळावर, ते बारीक काटेरी केस आहेत, हाताला लागले की कातडीत घुसतात आणि आग आग होते. फळाला उघडा हात लावायचा नाही. मी म्हटलं की लावणारच नाही, मोजे आहेत ना.

मोजे घालून मी खोडाला मिठी मारली आणि वर सरकले. चार हात गेले आणि सर्रकन खाली आले. पुन्हा चढले, पुन्हा घसरले. ती साल कागदासारखी होती, पातळ, चकचकीत. कापड तिच्यावर धरेचना. पहिली फांदी दोन पुरुष उंचीवर होती. तिसऱ्या वेळी मी घसरले तेव्हा हनुवटी खोडावर आपटली. मी खाली उभी राहून एक मोजा दातांनी ओढला.

"काढू नको," बाई म्हणाल्या.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी त्यांच्याकडे बघितलं. घामानं त्यांचं कपाळ चमकत होतं.

"मी तुझ्या आईला शब्द दिला हाय," त्या म्हणाल्या. "राहू दे ते बी. चल, घरी जाऊ."

पाच महिने ज्यांनी मला मोज्यांपायी झाडाखाली उभं केलं, त्याच बाई मोज्यांपायी मला घरी चल म्हणत होत्या. आणि बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. झाडाकडे बघत होत्या. मी विचार केला नाही. दुसरा मोजा काढला, दोन्ही कमरेला खोचले, आणि त्यांच्यासारखेच दोन्ही तळवे खोडावर टेकवले.

खोड गार होतं. उघड्या हाताला त्याच्यावर अगदी बारीक सुरकुत्या लागत होत्या, मघाशी कापडातून ज्यांचा पत्ताच नव्हता. बोटांची टोकं त्यांत रुतवून, गुडघ्यांनी आवळून मी वर सरकले. बाई खालून एकदा माझं नाव घेऊन ओरडल्या, आणि मग त्यांना राहवेना. "डावीकडे, डावीकडे गाठ हाय पाहा. तिथं पाय. शाबास. आता वजन खोडाकडं ठेव, फांदी ठिसूळ राहते त्याची." पहिल्या फांदीवर पाय ठेवला. दुसरी फांदी. तिसरी. खाली एका बाजूला बाई छत्री घेऊन, दुसऱ्या बाजूला खदानीचा खोल खड्डा. वारा आला की सगळं झाड हलायचं आणि मी त्याच्यासोबत. भीती वाटत होती आणि इतका आनंद होत होता की मला ओरडावंसं वाटत होतं.

फळं हाताशी आली तेव्हा मी एका फांदीला काखेत धरलं आणि मोजे घातले. आईची शिवण. एक काटा आत आला नाही. झुबका पिळून तोडला आणि सोडला. खाली बाईंनी उलटी छत्री धरली होती, तिच्यात बरोब्बर पडला. दुसरा, तिसरा, चौथा. बाई प्रत्येक झुबक्याला आकडा मोजत होत्या, त्यांचा आवाज चढत चालला होता. खदानीचा चौकीदार लांबून हे बघत उभा होता, तोही मोजायला लागला.

उतरण्याआधी मोजे काढताना मात्र पंचाईत झाली. त्यांना बाहेरून केस चिकटलेले, हात लावायची सोय नाही. एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरून उलटा सोलला, मग उघडी बोटं दुसऱ्याच्या आतून घालून तोही उलटा केला आणि दोन्ही खाली टाकून दिले. त्यात माझा पाय जरा सरकला, शेजारची फांदी हलली आणि पिकलेला एक झुबका आपोआप सुटला. तो छत्रीत पडणार नव्हता. वाऱ्यानं तो खदानीच्या बाजूला चालला होता.

बाईंनी छत्री टाकली आणि डावा हात पुढे करून तो झुबका झेलला. उघड्या हातानं, मुठीत.

मी कशी उतरले ते आठवत नाही. खाली आले तेव्हा बाई दगडावर बसल्या होत्या, तळवा उघडा करून समोर धरलेला, आणि त्याच्याकडे अशा बघत होत्या जशा वर्गात नवीन नमुन्याकडे बघायच्या. तळवा लाल होऊन सुजायला लागला होता. मी घाबरले. त्या म्हणाल्या की झुबके मोज, बी किती आहे बघ, मग रड.

त्या बियांतून पुढे अकरा रोपं निघाली. टेकडी गेली, तिथे आता खड्ड्यात पाणी साचलेलं असतं. बाईंनी निवृत्तीनंतर हुडकेश्वरला घर बांधलं आणि अंगणात त्यातलंच एक झाड लावलं. आता बाई नाहीत. झाडामुळे अंगणात गाडी उभी करता येत नाही म्हणून नवे भाडेकरू कुरकुरतात, असं ऐकते.

पण मला त्या रविवारचं सांगायचं आहे. एस.टी.त बसल्यावर बाईंना दोन्ही हात निकामी झाल्याचं लक्षात आलं. तिकीट मी काढलं, पाणी मी पाजलं. आगीनं त्यांचे डोळे भरून येत होते, तरी त्या कुलूच्या बियांबद्दलच बोलत होत्या. मी त्यांना सरळ आमच्या घरी घेऊन गेले. विचारलं नाही. त्यांच्यासारखंच केलं, नाही म्हणायला वेळच दिला नाही.

आई मागावर होती. आमच्याकडे बघून उठली. तिची नजर आधी माझ्या हातांवर गेली. तळवे सोललेले होते. मोजे नव्हते.

बाई ओट्याखालूनच म्हणाल्या, "माझा शब्द राहिला नाही. चूक माझी आहे."

मी म्हटलं की बाईंनी नको म्हटलं होतं, घरी चल म्हणाल्या होत्या, मीच काढले. हे सांगताना मला एकदम रडू आलं. (साडी वेळेत झाली, हे इथेच सांगून टाकते. आठ दिवस खोबरेल चोळून माझे हात मागावर आले. काठात एक गाठ आहे, ती चिंचेची.)

आई माझ्याकडे बघत राहिली, मग बाईंच्या तळव्याकडे. त्यानंतर तिनं जे केलं त्याचा विचार करायला तिनं वेळ घेतला नाही, हे मी शपथेवर सांगेन. ती ओट्यावरून उतरली, बाईंचं मनगट धरलं आणि त्यांना आत मागाजवळच्या खिडकीत आणून बसवलं. समोर बसून त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला.

"दिवा नको, ऊनच बरं," ती मला म्हणाली. "थो बारीक चिमटा आन."

धागे ओढायचा तिचा चिमटा होता. तिनं बाईंचा तळवा उन्हात तिरपा केला. नुसत्या डोळ्यांनी मला काहीच दिसत नव्हतं. आईनं बोटाचं टोक तळव्यावरून अगदी हलकं फिरवलं, जसं ती काठावरून फिरवते, आणि जिथं ते अडलं तिथं चिमटा लावला. एक केस निघाला. परत बोट फिरवलं. दुसरा. मी म्हटलं की आई, तुझ्या बोटात जातील, काहीतरी गुंडाळ. ती मान वर न करता म्हणाली की कापड गुंडाळलं तर सापडतील कसे?

बाई हसल्या. खूप वेळानं, पंधरावीस केस निघाल्यावर, त्या बोलायला लागल्या. आईशी, नागपुरीत, जशा झाडावर बोलायच्या तशा. त्यांच्या शाळेत निसर्गपाठाला मास्तर एकेकाच्या हातावर पान ठेवायचे, बाईंच्या पाटीवर लांबून टाकायचे. पुढे कॉलेजात प्रयोगशाळेतला माणूस बशी फडक्यात धरून त्यांच्यासमोर सरकवायचा.

"हातात अन् हातात कायम काहीतरी राहे," बाई म्हणाल्या. "कधी फडकं, कधी दोन हात अंतर. झाडानं कधी असं केलं नाही. म्हणून मले मोजे सहन नाही होत. पोरींले दुसरं कारण सांगतो मी."

आईचं बोट थांबलं. ती आणखी खाली वाकली, बाईंचा अंगठा बाजूला धरून त्याच्या बुडातला केस काढला, आणि परत बोट फिरवायला लागली. तासाभरानं तिचं बोट सगळ्या तळव्यावरून कुठेही न अडता गेलं. तिनं खोबरेल लावून स्वच्छ धोतराच्या पट्टीनं हात बांधला.

दुपार उलटून गेली होती. आईनं मला पानं घ्यायला सांगितली. मी तीन ताटं वाढली, वरण, पोळी, वांग्याची भाजी. बाई ताटासमोर बसल्या आणि आम्ही तिघीही थांबलो. एक हात प्लास्टरमध्ये, एक हात पट्टीत. बाई म्हणाल्या की मला भूक नाही, तुम्ही जेवा. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. मी उठायला लागले.

आईनं मला बस म्हणून खूण केली. ती आपलं ताट बाजूला सारून बाईंच्या समोर सरकली. पोळीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला, त्यात जरा भाजी घेतली आणि घास धरला.

"आ करा," ती म्हणाली.

बाई तशाच बसून राहिल्या. मग त्यांनी तोंड उघडलं. थोडं वरण हनुवटीवर ओघळलं, ते आईनं आपल्या पदरानं पुसलं आणि दुसरा घास मोडायला घेतला. बाई त्या दिवशी तीन पोळ्या जेवल्या. तिसरी वाढताना आईनं विचारलंसुद्धा नाही.